जानरावकाकांची भिंत

त्या सकाळी आमच्याकडे रोजचीच घाई चालली होती. आमचे हे कोर्टात जायचा पांढरा शर्ट शोधत होते, आमची लेक निधी न्हाणीघरातून टॉवेल मागत होती, आणि मी जारचं पाणी कुकरमधल्या डाळीत ओतत होते. अकोल्यातल्या आमच्या ले-आउटच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. कितीही शिट्ट्या करा, दाणा दाण्यासारखाच राहतो. त्यामुळे प्यायला आणि डाळीला जार, बाकी सगळ्याला बोअर, हा इथल्या प्रत्येक घरचा नियम. मी अमरावतीची. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात सासूबाईंना कच्चं वरण वाढलं होतं, तेव्हापासून पक्का शिकलेला.

तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना वाजलं, आणि तेही हातानं नाही. कशानं तरी टिण टिण करून.

दार उघडलं तर शेजारचे जानराव गावंडे. डोक्यावर टोपी, पायात स्लिपर आणि हातात दोन लांबच लांब पट्ट्या. एक पांढरी, प्लॅस्टिकची. दुसरी चकचकीत पत्र्याची. दोन्हींना मधे उभी धार आणि धारेच्या दोन्ही बाजूंना जाळी. पत्र्याच्याच पट्टीनं त्यांनी आमचं दार वाजवलं होतं.

"बाई, डोये मिटा," ते म्हणाले.

"काका, कुकर आहे गॅसवर."

"कुकर कुठी पयून जाते? मिटा."

मी मिटले. त्यांनी आधी एका पट्टीवर माझी बोटं ठेवली, मग दुसरीवर. "आता चालत जा बोटानं. कोनती जास्त कयते?"

आतून ह्यांचा आवाज आला, "अगं, कोण आहे? आणि माझा शर्ट?"

"वकीलसाहेब, थांबा जरा, तुमची बायको आंधयी झाली हाय," जानरावकाका म्हणाले आणि स्वतःच हसले. मग हसू एकदम थांबलं. मी डोळे उघडले तेव्हा ते पट्ट्यांकडे बघत उभे होते.

घराला बाहेरून गिलावा करायचा होता आणि त्यासाठी आमच्या अंगणात बांबूचं पायाड उभं करायला परवानगी हवी होती, हे त्यांनी त्यानंतर सांगितलं. आमच्या दोन घरांमध्ये एक अरुंद बोळ आहे. त्यात बांबू मावत नाहीत, त्यामुळे त्यांच्या त्या भिंतीचं पायाड आमच्या बाजूनंच उभं करावं लागतं. "पट्ट्या कशाला?" मी विचारलं. "कोपऱ्याले लावतेत आजकाल. धार सरळ येते, टवके उडत नाहीत. अन्..." ते जरा घुटमळले. "अन् सुभद्राले कामी येईन."

जानरावकाका मूळचे तेल्हाऱ्याकडचे. पूर्णेच्या काठचं, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं गाव. शेत भावाकडे ठेवून हे तरुणपणीच अकोल्याच्या बाजारात मापारी म्हणून लागले. धान्य मोजायचं काम. मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, मग दोन, मग तीन. काकांच्या तोंडी ते इतकं बसलं होतं की जिना चढतानाही पहिल्या पायरीला हळूच लाभ म्हणायचे. आमची निधी लहानपणी त्यांच्याकडून आकडे शिकली आणि बालवाडीत बाईंना म्हणाली, लाभ, दोन, तीन. बाईंनी मला बोलावून घेतलं होतं.

सुभद्राकाकू, त्यांची बायको, त्याच भागातल्या. ठेंगण्या, सावळ्या, बोलायला तिखट. ह्या दोघांची भांडणं आम्ही बोळातून ऐकत आलो आहोत, आणि खोटं कशाला बोलू, रेडिओपेक्षा बरी वाटायची. काकूंना दिसेनासं व्हायला लागलं तेव्हा दोघांनीही ठरवून टाकलं की मोतीबिंदू आहे. आणि मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत, हे त्यांना त्यांच्या आईबापांच्या वेळेपासून माहीत. म्हणून ते पिकण्याची वाट बघत बसले. फळ पिकायची बघतात तशी, शांतपणे, घाई न करता. मी दोनतीनदा म्हटलं, काका, एकदा दाखवून तर या. "पिकू द्या, बाई. कच्चा काढला तं वाया जाते."

शेवटी चांदूर बाजारहून त्यांची मुलगी दामिनी आली आणि आईला ओढतच डॉक्टरकडे घेऊन गेली. मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू होता. गेलं ते परत येत नाही, उरलंय तेही जाईल, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. काका घरी येऊन ओट्यावर बसले आणि संध्याकाळपर्यंत टोपी काढली नाही.

उरलेलंही गेलं. पण काकूंनी ते कुणाला कळू दिलं नाही. रस्त्यावरून कुणी गेलं की त्या पावलांवरून माणूस ओळखायच्या आणि म्हणायच्या, "काय माणिकबाई, नवी चप्पल का वो?" गल्लीतली ती माणिकबाई घरी जाऊन सांगायची, सुभद्राबाईला चांगलं दिसतं, माझी चप्पल दिसली.

एकच अडचण होती. संडास मागच्या अंगणात. स्वयंपाकघराच्या दारातून निघून बोळातल्या भिंतीच्या कडेकडेनं मागे जायचं. आणि ती भिंत आपल्याकडच्या घरांची असते तशीच होती. रस्त्याकडून गिलावा, रंग, वर घराचं नाव. बाजूंना नुसत्या विटा. पुढचं लोकांना दिसतं, बाजूचं कोण बघतं? तर त्या विटांवरून हात फिरवत काकू जायच्या. सिमेंटचे वाळलेले गोळे बोटांना लागायचे, सालं निघायची. कोपरा कुठे संपला ते कळायचं नाही, पायरी अचानक पायाखाली यायची. मग हाक मारायची, "अवो, या ना." आणि काका यायचे. दिवसातून किती वेळा आणि कशासाठी, ते त्या बाईला आवडत नव्हतं. एकदा मला म्हणाल्या, "निधीची माय, लगीन केलं तवा मी ह्यायले अशा कामाले थोडीच बोलवत होती!" आणि हसल्या. मी हसले नाही.

ह्यांनी सुचवलं, काका, भिंतीला पाइप बसवून घ्या, धरायला. काकूंनी आतूनच ऐकलं. "दवाखान्यात अस्ते तसा दांडा? म्हंजे साऱ्या गल्लीले पाटीच लावा, अथी आंधयी राहते." शिवाय अकोल्याच्या मे महिन्यात लोखंडाच्या पाइपला हात लावून बघा एकदा.

तेव्हा काकांच्या डोक्यात हे आलं. भिंतीला गिलावा करायचा, कोपऱ्यांना धारेची पट्टी लावायची आणि भिंतीच्या मधोमध, काकूंच्या हाताच्या उंचीवर, तशीच एक आडवी पट्टी मागच्या अंगणापर्यंत न्यायची. बघणाऱ्याला वाटावं घराची शोभा आहे. आणि जिथं पायरी येते तिथं पट्टी तोडायची. हात रिकामा पडला की पाय थांबवायचा.

त्या सकाळी दारात हे सांगताना ते माझ्याकडे असे बघत होते की मी काही चूक काढीन. मला काही सुचली नाही. पायाड बांधा म्हटलं, माझ्या गुलबक्षीची रोपं तेवढी सांभाळा.

काकूंनी स्वतःच्या बोटानं पट्टी निवडावी म्हणून आम्ही तिघं बाजारात गेलो. मला का नेलं, तर काकूंना दुकानात दिसत नाही हे दिसू नये म्हणून. हार्डवेअरवाले गोवर्धनशेठ पट्ट्या काढून काउंटरवर मांडत होते. "बघा काकी, ये प्लॅस्टिक, ये ॲल्युमिनियम, ये गॅल्वनाइज पत्रा. ये गोल धारेवाली, बच्चे टकराये तो लगती नहीं."

काकू काउंटरवर वाकून अगदी नीट बघत असल्यासारख्या उभ्या. हात मात्र फिरत होते. "रंग काही खास नाई," त्या म्हणाल्या.

"काकी, रंग तो ऊपरसे लगेगा!"

"मले मालूम हाय. तरी बी."

मी हळूच त्यांचं कोपर दाबलं, त्यांनी माझा हात झटकला. इतक्या रंगात आल्या होत्या. गोल धारेची पट्टी त्यांनी बाजूला सारली. "ही बोथी हाय. हिच्यावर रंग बसला की भित कोनती न् हे कोनतं, कायी कयनार नाई." प्लॅस्टिक जरा बरं वाटलं. मग पत्र्याच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, परत आणलं. "हे."

"प्लॅस्टिक घ्या, मिस्त्री लोक आजकल वही ले जाते," शेठ म्हणाले.

"शेठ, आमच्या अंगनातली प्लॅस्टिकची बादली एका उन्हायात पापडावानी मोडली," काका म्हणाले. "भित का दरसाली बदलू? पत्राच द्या."

त्यात काय चुकलं होतं? काहीच नाही. घरी परतताना ऑटोत काकूंनी ती पट्टी मांडीवर आडवी धरली होती आणि वाटभर बोट चालवत होत्या. मधेच म्हणाल्या, "शेठ जाडा झाला हाय."

"तुले काय मालूम?"

"दम लागून राहिला होता बोलतानी."

धर्मपाल मिस्त्री आला, बांबू उभे राहिले, माझी निम्मी गुलबक्षी गेली. धर्मपालनं मालासाठी टँकर मागवला होता, कारण बोअरच्या पाण्यात सिमेंट कालवत नाही तो. पण टँकर माल कालवून संपला. काम झाल्यावर निघताना तो म्हणाला, "जानरावबुवा, आता पानी मारा. जितकं पेईन तितकं पाजा. कंटायले तं भित फाटते." एवढंच म्हणाला. कोणतं पाणी, हे तो बोलला नाही आणि काकांनीही विचारलं नाही. त्यांना विचारायचं सुचणारच नव्हतं.

कारण जानरावकाकांना आमच्या बोअरचं पाणी गोड लागायचं.

हे मी स्वतः कितीदा ऐकलंय. त्यांच्या गावी विहिरीच्या पाण्यानं दाराच्या बिजागऱ्या गळून पडायच्या, बादल्यांची बुडं जायची, गाई तोंड लावून परत फिरायच्या. त्या पाण्यावर वाढलेली ती जीभ. ले-आउटमध्ये घर बांधलं तेव्हा बोअरला पाणी लागलं, काका ओंजळ भरून प्यायले आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "वकीलसाहेब, नशीब काढलं! साखर हाय साखर." आजही त्यांच्या घरी जार येत नाही. डाळ शिजत नाही म्हटलं तर काका म्हणायचे, "तुमची अमरावतीची डाय लाडावलेली हाय, बाई." काकू आतून पुरवणी जोडायच्या, "अन् डाय करनारी बी."

तर त्या गोड पाण्यानं त्यांनी भिंत भिजवली. सकाळी अंगणात सूर्य यायच्या आधी, आणि परत ऊन उतरल्यावर. मिस्त्रीनं सांगितलेले दिवस संपले तरी थांबले नाहीत. उन्हाळा होता, भिंत तापलेली, पाणी पडलं की चर्र आवाज यायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबून ते आधी कोपऱ्याच्या धारेवर पाणी धरायचे, मग आडव्या पट्टीवरून पुढे जायचे, बोटभर जागाही कोरडी सुटू नये अशा बेतानं. काकू दारात बसून आवाज ऐकायच्या. "तथी कोपऱ्यात नाई पोचलं," म्हणायच्या. आणि खरंच पोचलेलं नसायचं.

भिंतीला फिका पिवळा रंग दिला. काकांनी काकूंना वाट शिकवली. दारातून निघाल्याबरोबर डावा हात पट्टीवर, पट्टी तुटली की पायरी. पहिल्या पायरीला लाभ.

त्यानंतरचं एक वर्ष मात्र खरोखर बरं गेलं, तेवढं मी सांगायलाच हवं. काकू एकट्या जायच्या, एकट्या यायच्या. कधी आमच्या खिडकीखाली थांबायच्या. "निधीची माय, फोडनी करपून राहिली." माझ्या हातात झारा, समोर कढई, आणि करपायचा वास मला त्यांच्यानंतर यायचा. कुणाला हाक मारायची गरज उरली नव्हती. नवराबायकोची भांडणंही परत पहिल्यासारखी सुरू झाली, सारख्या जोरानं दोन्हीकडून.

दुसऱ्या उन्हाळ्यात पिवळ्या रंगावर तपकिरी ठिपके दिसायला लागले. मला आधी वाटलं पानाची पिचकारी. काकांनी ओल्या फडक्यानं पुसलं. पुसलं गेलं नाही. ठिपक्यांच्या रेघा झाल्या, थेट धारेच्या बरोबरीनं, कोपऱ्याला उभ्या आणि मधे आडव्या. मग रेघा फुगल्या. पावसाळा लागला तसा गिलावा धारेपासून सुटून पापुद्र्यासारखा उघडायला लागला, आणि आतला पत्रा बाहेर आला. गंजलेला, दातेरी, जागोजाग वाकलेला.

हे काकांनी काकूंना सांगितलं नव्हतं. रोज पहाटे, काकू उठायच्या आधी, ते हातोडीला फडकं गुंडाळून टोकं बसवत होते. एके दिवशी बसवायची राहिली.

हाक मला ऐकू आली नाही. काकूंनी मारलीच नव्हती. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा त्या बोळात भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, डाव्या हाताची बोटं पदरात घट्ट धरलेली आणि पदर लाल. मी धावले. बोटांची टोकं पार कापली होती, तीन बोटांची. त्यांची ती मूठ माझ्या हातात दाबून धरून मी त्यांना आत नेत होते तर म्हणतात काय, "हळू बोल. माणिकबाई बाहेर हाय."

डॉक्टरांनी टाके घातले. जखम भरली, पण टोकांची कातडी जाड झाली. त्या बोटांना आता काही कळत नाही, असं त्या सांगतात. उजव्या हातानं चालून बघितलं, येताना जमतं, जाताना भिंत दुसऱ्या बाजूला येते.

परवा धर्मपाल येऊन गेला. काकू आत झोपल्या होत्या, पंखा चालू होता. धर्मपालनं एक खपली काढली, मागचा पत्रा बोटानं दाबला तर त्याचा चुरा झाला. गिलाव्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ फुललं होतं. त्यानं काकांकडे पाहिलं.

"बुवा, पानी कोनतं मारलं?"

"आपलंच. बोरचं. गोड हाय."

धर्मपालनं नळ उघडला, तळहातावर घेऊन जिभेला लावलं आणि थुंकला. काकांनी त्याच नळाखाली ओंजळ धरली, पाणी तोंडात घेतलं, घोळवलं. पुन्हा घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना अजूनही ते गोडच लागत होतं.

"आता पट्टी काढून प्लॅस्टिकची लावू?" मी विचारलं.

"लावता येते, ताई. पन खार भितीत मुरला ना. दर सकाय-संध्याकाय पाजला ह्यायनं. गिलावा तं सुटनारच, इटा बी पेल्या हायेत. साऱ्या भितीचंच कातडं काढा लागन, अन् तरी मी सांगत नाई टिकन म्हनून." त्यानं हातातली खपली भिंतीच्या कडेला ठेवली. "माह्यंच चुकलं. मी सांगाले पायजे होतं." काकांनी मान हलवली, नाही अशी, आणि त्याच्यासाठी चहा सांगायला आत गेले.

काल दामिनी चांदूर बाजारहून एक खुर्ची घेऊन आली. मधे भोक असलेली, खाली भांडं बसणारी. ती खोलीत पलंगाजवळ ठेवली आहे. दामिनी आईला घेऊनच जाणार होती, काकू नाही म्हणाल्या. इथं निदान खुर्ची आपल्या घरात आहे. दामिनीनं खूप समजावलं, मग रडली, मग शेवटच्या बसनं निघून गेली. भांडं आता काका नेतात. बोळातून, त्याच भिंतीच्या कडेनं, पायरीपाशी पाय उचलून. लाभ म्हणत नाहीत.

आज सकाळी मी वाटीत कढी घेऊन गेले. काकू पलंगावर बसलेल्या. कढीची चव घेतली, मीठ कमी म्हणाल्या. मग डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं चोळत विचारलं, "निधीची माय, तू शिकलेली हायेस, सांग. ते पट्टी काहून फुटली वो? ह्यायनं तं लय पानी मारलं होतं. मी सोता आयकत होती."

कुकर लावलाय म्हणाले आणि उठले. कुकर लावला नव्हता.

काका माझ्या मागोमाग बोळात आले. टोपी हातात होती, ती मी त्यांच्या हातात कधी पाहिली नव्हती. भिंतीकडे पाठ करून उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तिनं परत विचारलं तं पट्टीच खराब निघाली म्हना. पान्याचं तिले नका सांगू."